छपराखालचा हात

मुलाने चेंडू हातात घेतला की तो टाकायच्या आधीच मला कळतं, याचा हात कुठे बिघडलाय. मनगटात, कोपरात की अंगठ्यात. यात माझी हुशारी काही नाही. ज्याची दाढ दुखून गेलेली असते त्याला दुसऱ्याचा सुजलेला गाल लांबून दिसतो, तेवढंच. पुण्यात लोक मला याचेच पैसे देतात. आईबाप गाडीतून मुलांना आणून सोडतात आणि म्हणतात, मॅडम, याचा शॉट तेवढा नीट करून द्या. जसे काही कपडे इस्त्रीला टाकतायत! मी नीट करून देते. पण माझा स्वतःचा हात कुठे बिघडला, हे मी तिथे कधी कुणाला सांगितलं नाही. ज्यांच्याकडे तो बिघडला त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही, आणि त्यांच्याइतकी मी कुणावर रुसलेही नाही. वीसेक वर्षं एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता: सरांनी माझ्याशी बोलणं का टाकलं?

माझं घर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातलं. बाबा बोटीवर तांडेल, म्हणजे समुद्रात बोट ज्याच्या शब्दावर वळते तो. आई बाजारात मासे घेऊन बसायची आणि कॉलेज सुटलं की मी तिच्या मदतीला. एका दुपारी तिने बर्फ मागितला. मला उठायचा कंटाळा, म्हणून बसल्या जागेवरून बर्फाचा खडा तिच्या टोपलीत टाकला. बरोबर बांगड्यांच्या मध्ये पडला. समोर आमच्याच कॉलेजचे खेळाचे सर बांगडे घ्यायला उभे होते. ते भाव करायचं विसरले.

"परत टाक बघू," म्हणाले.

मी परत टाकला. मग त्यांनी मला आणखी मागे सरकायला लावलं, मग आणखी मागे. शेवटी आईच उठून उभी राहिली.

"बर्फाला पैसे पडतात हो, मास्तर. खेळ कसला करताव?"

सर हसले, बांगडे न घेताच निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. बास्केटबॉल मी तोवर नुसता लांबून बघितला होता. अंगाने मी बुटकी, रागाने लाल होणारी, कुणी ढकललं तर उलट ढकलणारी. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ढकलायचं नंतर शिकवीन, आधी टाकायला शिक, म्हणाले.

कॉलेजचं कोर्ट उघड्यावर होतं. जूनपासून दसऱ्यापर्यंत त्याच्यावर शेवाळ धरायचं, पाय ठेवला की माणूस आडवा. घाटावरच्या मुली पावसाळाभर हॉलमध्ये खेळायच्या आणि आम्ही घरात बसून खिडकीबाहेर बघायचो. सरांना ते सहन होईना. जवळच्या पावस गावात त्यांची आंब्याची बाग होती आणि घराखालच्या उतारावर पॅकिंगची शेड. एप्रिल-मे महिन्यांत तिथे पेट्या, पेंढा आणि माणसांची गर्दी. आंबा संपला की वर्षभर शेड रिकामी. सरांनी तिच्या एका टोकाला बोर्ड ठोकला, रिंग बसवली, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आम्ही पोरी एसटीने भाट्याचा पूल ओलांडून पावसला जायला लागलो.

ती शेड मला अजून नाकाने आठवते. पेंढ्याचा वास, ओल्या बुटांचा वास, आणि खेळून झाल्यावर काकू, म्हणजे सरांची बायको, वरच्या घरातून जी गरम पेज आणायच्या तिचा. जमीन जांभ्याची, म्हणजे आमच्याकडच्या लाल दगडाची, चोपून सारखी केलेली. वर पत्रे. पण शेड होती बसकी. तिथे समुद्रावरचा वारा टेकडीवर थेट आपटतो, म्हणून कुणी उंच बांधत नाही. रिंगच्या थोडंसंच वर छपराच्या आडव्या तुळया होत्या. चेंडू जरा उंच टाकला की तो तुळईवर आपटून आपल्याच डोक्यात यायचा. आपटला की सर एक बोट वर करून हवेत गोल फिरवायचे. परत. तोंडाने बोलायचे नाहीत, पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? नुसतं ते बोट.

मग आम्ही तुळईखालून टाकायला शिकलो. समोरच्या मुलीच्या बोटांवरून आणि तुळईच्या खालून, मध्ये जी फट उरेल तिच्यातून चेंडू सरळ बोर्डावर, बोर्डावरून रिंगमध्ये. आमचा हात त्यात इतका बसला, की जिल्ह्यात आम्हाला कुणी हरवेना. सर खूश होते. त्यांची शिकवायची तऱ्हा सगळी बागेतली. माझ्या हातून चेंडू जोरात सुटला की म्हणायचे, "आंबा टाकत नाहीत गो, ठेवतात. पेंढ्यात ठेवल्यासारखा सोड." मी आंबा मनात धरून चेंडू सोडायची. तो मऊपणा माझ्या हातात आला तो कायमचा. आज पुण्यातल्या मुलांना मी हेच सांगते तेव्हा ती माझ्याकडे बघत राहतात, कारण त्यांच्याकडे आंबा फ्रीजमधून कापून येतो.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड पुण्यात होती. सर मला घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि एसटीत तो चुरगळू नये म्हणून ते पाठ टेकत नव्हते. मला राज्याचा शर्ट मिळणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

तिथल्या उंच मुलींनी माझे शॉट हातातून काढून घेतले. शब्दशः. मी टाकायची आणि त्या माशी हाकलावी तसा चेंडू बाजूला करायच्या. संध्याकाळी नावं वाचली, त्यात मी नव्हते. सर निवड करणाऱ्या गृहस्थांकडे विचारायला गेले, मी मागोमाग. गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी कोपऱ्यातला फरशी पुसायचा दांडा उचलला, माझ्यासमोर आडवा वर धरला आणि म्हणाले, याच्यावरून टाक. मी टाकला. दांड्यावर आपटला. पुन्हा टाकला, पुन्हा आपटला.

"हात मऊ आहे तुझा," ते म्हणाले, "पण चेंडू वर जातच नाही. वर एवढी जागा असताना खालून का टाकतेस?"

मी वर बघितलं. त्या हॉलचं छप्पर इतकं उंच होतं की तिथे पारवे उडत होते. आणि तरी माझ्या तोंडून जे खरं होतं तेच आलं.

"सर, वर तुळई असते."

आजूबाजूचे सगळे हसले. दांडा धरलेले गृहस्थही हसले. हसले नाहीत ते फक्त आमचे सर. ते वर बघत उभे होते, पारवे होते तिथे. मग गृहस्थांनी समजावून सांगितलं. चेंडू वरून खाली आला की त्याला रिंग ताटाएवढी मिळते, आडवा आला की फटीएवढी. मुलगी गुणी आहे, पण या वयात हात मोडून नवा करायचा म्हणजे वेळ लागेल. पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी माझं कॉलेज संपलेलं असणार होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार?

येताना सर एक शब्द बोलले नाहीत. कराडच्या स्टँडवर त्यांनी मला वडापाव आणून दिला, स्वतः खाल्ला नाही. आंबा घाट उतरताना मला रडू फुटलं तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. रत्नागिरीला उतरल्यावर म्हणाले, "जा घरी. आई वाट बघत असेल." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं सरळ वाक्य.

त्यानंतर कोर्टावर मी आले की ते ऑफिसात जायचे. सराव दुसऱ्या मुलींवर सोपवायचे. मला वाटलं, राग आलाय. हरून आले, त्यांची मान खाली घालवली, म्हणून मी नकोशी झालेय. परीक्षा झाली, कॉलेज संपलं. बास्केटबॉल शिकवायच्या कोर्ससाठी मला प्रवेश मिळाला, त्याचे पेढे घेऊन दिवाळीच्या सुट्टीत मी पावसला गेले. काकू दारात आल्या. त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"हे बागेत गेलेत गो," त्या म्हणाल्या.

मी पडवीत बसून राहिले. खाली कुठेतरी पहार चालल्याचा आवाज येत होता, दगडावर लोखंड. आमच्याकडे कुणाची ना कुणाची विहीर चालूच असते, त्यामुळे माझं लक्ष गेलं नाही. काकूंनी लाडू दिला, चहा दिला, आईची चौकशी केली. सर आले नाहीत. शेवटच्या एसटीची वेळ झाली तशी मी उठले.

पुढे नोकरी लागली. दिवाळीला आणि शिमग्याला मी घरी यायची आणि प्रत्येक वेळी पावसची फेरी करायची. प्रत्येक वेळी सर बागेत गेलेले. एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत सलायची. त्यांच्या बागेभोवती लाल दगडांचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, होऊ लागला होता आणि माझ्या प्रत्येक फेरीला तो थोडा पुढे गेलेला असे. गवंड्याच्या हातचा वाटत नव्हता, वाकडातिकडा होता. मी मनात म्हणायची, दगड रचायला वेळ आहे, मला भेटायला नाही. शेवटी आईनेच एकदा मला झापलं.

"मास्तर तोंड बघत नाय तुजं, नि तू कशाला त्यांच्या दारात जातंस? आपल्याला काय पडलीय?"

आईला अपमान लगेच लागायचा. मी तिचीच मुलगी. मी जाणं बंद केलं.

कोर्समध्ये पहिलं काम काय झालं असेल तर माझा जुना हात मोडला गेला. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मला रिंगजवळ जाऊच दिलं नाही. उताणी पड, म्हणाल्या, आणि चेंडू सरळ वर टाक, तो परत तुझ्याच हातात यायला हवा. सगळ्या मुली खेळायच्या आणि मी जमिनीवर पडून छपराकडे चेंडू फेकायची. सुरुवातीला तो नाकावर यायचा, खांद्यावर यायचा, एकदा तर शेजारून जाणाऱ्या मुलीच्या पायात गेला आणि ती पडली. हॉस्टेलच्या खोलीतही मी हेच करायची. हळूहळू चेंडू वर जाऊन सरळ खाली यायला लागला. हात नवा झाला. खेळायचं वय मात्र तोवर निघून गेलं होतं, आणि राज्याचा शर्ट मला मिळाला नाही तो नाहीच. आजही माझ्या शिकवलेल्या एखाद्या मुलीला तो मिळतो तेव्हा मी टाळ्या वाजवते, फोटोत उभी राहते, आणि घरी जाऊन दार लावून थोडा वेळ बसते. उगाच मोठेपणा कशाला घेऊ? वाईट वाटतं.

पण त्या मोडलेल्या हातानेच मला पोटाला लावलं. आधी एका शाळेत, मग मोठ्या अकादमीत, मग पैसे घेऊन खेळणाऱ्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक. कुणाचाही हात बिघडला की माझ्याकडे पाठवायचे. काय बिघडलंय ते मला आतून माहीत असायचं.

मागच्या उन्हाळ्यात अकादमीच्या शिबिराला वेगवेगळ्या जिल्ह्यांतून मुली आल्या. त्यात एक रत्नागिरीकडची होती. बोलण्यातल्या हेलावरूनच मी ओळखली. पहिल्याच सकाळी तिने चेंडू घेतला, गुडघे वाकवले आणि सोडला. मी शिट्टी तोंडात तशीच धरून उभी राहिले. चेंडू उंच गेला, इतका निवांत की मध्येच कुणी हाक मारली असती तरी चाललं असतं, आणि वरून रिंगमध्ये उतरला. आणि सोडताना तिच्या बोटांत तो मऊपणा होता. पेंढ्यात ठेवल्यासारखा.

मी तिला बाजूला घेतलं. "कुठे शिकलीस?"

"पावसला, मॅडम. सरांच्या शेडमध्ये."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण ती घाबरली. "त्या शेडमध्ये असा शॉट टाकताच येत नाही. तुळया आहेत तिथे."

"तुळया खूप वर आहेत, मॅडम. आम्ही खाली खड्ड्यात खेळतो ना. सरांनीच खणलाय." मग तिने जरा धीर केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "'वर तुळई असते' म्हणणाऱ्या त्या मॅडम तुम्हीच का? सर दर वर्षी नव्या मुलींना ती गोष्ट सांगायचे."

राग यावा तर कुणाचा? त्या हॉलमध्ये मला हसले ते आठवून मी इतकी वर्षं कुढले आणि इकडे सर पोरींना ती गोष्ट सांगून हसवतायत! तिला मी तसं विचारलंसुद्धा, पोरी हसायच्या का म्हणून. ती मान हलवत म्हणाली, "सांगताना सरांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग कोण हसणार? आता तर सांगतही नाहीत. शिमग्याच्या सुमारास त्यांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली."

शिबिर संपायच्या दिवसापर्यंत मी कामात होते, हे मला अजून पटत नाही. कामात होते म्हणजे शिट्ट्या वाजवत होते. मग बाबांचं आजारपण निघालं, पाऊस आला, आणि श्रावणात मी रत्नागिरीला पोचले. सर नवरात्रात गेले. म्हणजे मला मिळाली ती एकच संध्याकाळ, आणि आता लिहायला बसलेय ती तिच्यासाठीच.

काकू म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आलीस? बरी आलीस गो. ह्यांना खाली नेऊन बसवलाय. रोज संध्याकाळी पोरी खेळायच्या वेळेला न्यावं लागतं, न्हाय तर डाव्या हाताने खाट ठोकत बसतात."

आम्ही उतारावरून खाली निघालो. गडगा बागेला पुरा वेढा घालून आला होता आणि जुन्या भागावर नेचे उगवले होते. मी काकूंना विचारलं, हा खड्डा काय प्रकार आहे? त्या वाटेतच थांबल्या.

"तुला माहीत न्हाय? अगो, तुज्यापायीच तो. पुण्यासून आले ते जेवलेच न्हाय दोन दिवस. म्हणायचे, मी चांगल्या पोरीचा हात घालवला. आधी छप्पर उचलायचा घाट घातलनी. गवंडी बोलला, सर, इथे उंच केलंत तर एका वादळात पत्रे समुद्रात शोधावे लागतील. मग एक दिवस पहार घेऊन खाली उतरले. छप्पर वर जात न्हाय तर जमीन खाली नेतो, म्हणाले."

आंब्याच्या दिवसांत शेड मोकळी नसे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून आंबा सुरू होईपर्यंत, कॉलेज सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, सर एकटे खणायचे. माणूस लावला नाही. लावला असता तर लवकर झालं असतं, पण चूक माझी, खणणार मीच, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी गुडघाभर खणून झाला. आणि मग पाऊस लागला.

"तळा झाला नुसता!" काकू म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. "जल्म गेला ह्यांचा कोकणात. जांभ्यात खड्डा केला की पावसात खालून पाण्याचे उमाळे फुटतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक. ह्यांच्या डोक्यात तुळई तेवढी होती, पाणी विसरले. पोरी बोलायला लागल्या, सर, आता पोहायला शिकवा. हे कसले हसतायत. कडेला बसून राहिले तासभर. मग पुढल्या दिवाळीपासून पाण्याला वाट काढायला घेतलनी. शेडच्या तळातून थेट उतारापर्यंत चर. त्यातच वर्षं गेली किती."

"आणि मी यायची तेव्हा?"

काकूंनी माझा हात धरला. "तेव्हा खालीच असायचे गो. मी खोटं बोलले न्हाय तुज्याशी. तू पडवीत बसायचीस नि खाली पहार वाजायची, तुला ऐकू यायची न्हाय? मी चार वेळा बोलले असेन, अहो, पोरगी आलीय, वर चला. म्हणायचे, कुठच्या तोंडाने येऊ? आधी जागा करतो, मग बोलावतो तिला. जागा झाली तवर तू यायची बंद झालीस. मी बोलले, पत्र टाका, फोन करा. लाजले. सगळा दगड त्या गडग्यात गेला बघ."

मी गडग्याकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं. पहार मला ऐकू येत होती. प्रत्येक वेळी आली होती. मी चहा पीत बसले होते आणि पन्नास पावलांवर तो माणूस माझ्यासाठी दगड फोडत होता, आणि आम्ही दोघंही एकमेकांना तोंड दाखवायला घाबरत होतो. मला त्या क्षणी सरांचा इतका राग आला की मी रडायला लागले. एवढं खणलंत, दोन शब्द बोलला असतात तर काय झालं असतं?

शेडचा पुढचा अर्धा भाग होता तसाच होता, पेट्या रचलेल्या. मागच्या अर्ध्यात जमीन एकदम खाली गेली होती, कमरेच्या वर. कडेने पहारीच्या खुणा दगडावर तशाच. खाली तळ सपाट, कोपऱ्यातून चर बाहेर गेलेला आणि त्यातून पाणी झुळझुळ निघून चाललेलं. बोर्ड आणि रिंगही तेवढी खाली आणलेली. चार-पाच मुली खेळत होत्या. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत सर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, डोक्यावर कानटोपी. केवढे होते आणि केवढेसे झाले होते.

मी समोर जाऊन वाकले. त्यांनी मला ओळखलं. तोंड वाकडं झालं, घशातून काहीतरी आवाज आला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. काकूंनी रुमालाने पुसल्या. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. तळव्याला पहारीचे घट्टे अजून होते. सरांनी हात सोडवून घेतला आणि खाली रिंगकडे दाखवलं.

मी चपला काढून खड्ड्यात उतरले. एका मुलीने चेंडू दिला. पोरी कडेला झाल्या. माझ्या मागे इतक्या वर्षांचं शिकवणं, एवढी मोठी प्रशिक्षक म्हणून नाव, नवा हात. मी गुडघे वाकवले, पत्र्यावर पाऊस वाजत होता, पेंढ्याचा वास आला, आणि चेंडू हातातून सुटला तो सरळ आडवा. रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून माझ्याकडे परत आला. पुन्हा टाकला. पुन्हा तसाच. पुण्यात मला जे कधी होत नाही ते तिथे होत होतं. तुळई कितीतरी वर गेली होती, पण माझ्या हाताला ती अजून होती तिथेच दिसत होती. एक पोरगी फिस्सकन हसली आणि दुसरीने तिला चिमटा काढला.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. वर्षानुवर्षं खणून जिच्यासाठी जागा केली तिचाच चेंडू खालून जात होता, आणि ते त्यांना दिसत होतं. ती मान मला बघवेना. तेवढ्यासाठी मी इतकी वर्षं रुसले नव्हते.

मग मी कोर्टाच्या मधोमध उताणी पडले. पोरींना वाटलं, चक्कर आली. पाठीला जांभा गार लागला. कोपर जमिनीला टेकवलं, चेंडू तळव्यावर घेतला, बोटं पसरली आणि पेंढ्यात आंबा ठेवतात तसा सोडला, फक्त वर. चेंडू गरगरत वर गेला, तुळईच्या खाली हातभर जागा सोडून क्षणभर थांबला आणि सरळ खाली येऊन माझ्या हातात बसला.

"सर," मी पडल्या पडल्याच ओरडले, "लागला नाही!"

काठावर खुर्ची करकरली. सरांनी मान वर केली होती. ते त्या तुळईकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांचा डावा हात वर आला, एक बोट सरळ झालं, आणि त्यांनी ते हवेत गोल फिरवलं.

मी परत टाकला.